समोरची सपाट टेकडी

मार्च लागला की आमच्या विजय नगरच्या फ्लॅटमध्ये भिंतींवर नकाशे चढतात. मुलगी दहावीला आहे. मृण्मयी तिचं नाव, पण ते पूर्ण फक्त मार्कशीटवर येतं. घरात ती मिनू. पोह्यांच्या बशीशेजारी जगाचा नकाशा पसरून ती सपाट माथ्याचे डोंगर शोधत बसते. तिबेटचं पठार, दख्खनचं पठार, आफ्रिकेच्या टोकाचा तो टेबलासारखा डोंगर, अमेरिकेच्या वाळवंटातले मेसा. "आई, मेसा म्हणजे स्पॅनिशमध्ये टेबल. डोंगराचं नावच टेबल. फनी आहे ना?" मी हो म्हणते आणि खिडकी लावायला उठते. बाहेर वारा सुटलेला असतो, कोरडा, सांवेरकडच्या गव्हाच्या कापणीचा भुसा घेऊन आलेला. तो वास आला की मला सपाट माथ्यांचं काहीच फनी वाटत नाही.

इंदूर उंचावर आहे, हे इंदूरच्या माणसाला सांगून पटत नाही. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, पण पाहुण्यांना सोडायला आलेला माणूस पाटी कशाला वाचेल. त्याचं सगळं लक्ष शेवेची पुडी नीट बांधली की नाही याकडे. लाव्हाच्या थरावर थर बसून माळव्याचा हा ओटा तयार झाला आणि आपण त्यावर घरं बांधून निवांत बसलो. चारी बाजूंना पाहावं तर सपाट. आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बहनजी डस्टर आपटून म्हणायच्या, "पठार पे रहने वाले को पता ही नहीं चलता कि वो ऊपर बैठा है. किनारे पे जाओगे, तब मालूम पड़ेगा." किनारा म्हणजे मानपूर. तिथे आग्रा-मुंबई रस्ता सरळ येता येता एकदम खाली निमाडात उतरतो. कड्याजवळ पठाराचे काही तुकडे सुटून वेगळे उभे आहेत. माथा रंधा मारल्यासारखा सपाट, कडेला काळ्या दगडाच्या पायऱ्या.

मी दहावीला होते तो मार्च भोंग्याशिवायचा पहिला मार्च होता. आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो. आजोबा खानदेशातून मिलच्या कामाला आले आणि बाबाही त्याच मिलच्या साचेखात्यात विणकर झाले. साचा म्हणजे माग. आमच्या गल्लीत घड्याळं भिंतीवर शोभेला असायची. खरी वेळ भोंगा सांगायचा. मग शहरातले भोंगे एकेक करून गप्प झाले आणि दिवाळीनंतर आमचाही झाला. वर्तमानपत्रात नवीन धोरण, विलायती कंपन्या, खुला बाजार असले मोठे मथळे यायचे. कोपऱ्यावरच्या शेठजींच्या गच्चीवर भली थोरली डिश बसली. गल्लीतल्या कुत्र्यांना मात्र यातलं काही कळलं नव्हतं. भोंगा वाजला की ती तोंड वर करून सूर लावायची. भोंगा बंद पडल्यावरही कितीतरी दिवस, बरोबर त्या वेळेला, शांत गल्लीत ती तोंड वर करून रडायची. आई पोळी लाटता लाटता थांबायची आणि म्हणायची, "यांना ऐकू येतंय वाटतं."

बाबाही त्या वेळेला डबा घेऊन निघायचे. आई डबा भरायची, ते न्यायचे आणि संध्याकाळी धुऊन परत आणायचे. कुठे जाता, असं कोणी विचारत नव्हतं. गल्लीतले निम्मे पुरुष तसेच निघायचे. मिलच्या बंद फाटकासमोर उभे राहायचे, चहा प्यायचे आणि मिल पुन्हा चालू होणार असल्याची बातमी एकमेकांना नव्याने सांगायचे.

साचेखात्यात मी एकदाच गेले होते, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. पूजेनंतर बाबांच्या ओळीतला एक साचा थोडा वेळ चालवून दाखवला, तर माझ्या दातांना कंप सुटला. असे शेकडो साचे एका छपराखाली चालायचे. तिथे आवाज काढून उपयोग नसायचा, म्हणून विणकर आवाज काढतच नसत. ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. बाबांचे कान केव्हाच अर्धे गेले होते, पण ओठ ते गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून वाचायचे. मलाही त्यांनी शिकवलं होतं. जेवताना आम्ही दोघं आवाज न करता आईच्या आमटीची निंदा करायचो. "समजतं हो मला सगळं," आई म्हणायची. तिला ओठ वाचता येत नव्हते, पण आम्हा दोघांना ती पुरती ओळखून होती.

आणखी एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. विणकराचे दोन साचे पुढे असायचे, दोन मागे. पुढच्यांकडे तोंड केलं की मागच्यांकडे पाठ व्हायची. मागचा तागा, म्हणजे धागा, तुटला तर त्याला दिसणार कसं? म्हणून पलीकडच्या ओळीत जो समोर तोंड करून उभा असेल, त्याने लक्ष ठेवायचं. त्याला माझ्या पाठीमागचं दिसतं, मला त्याच्या. तागा तुटताना दिसला की त्याने उजवा हात वर करायचा, पंजा उघडा, आणि एकदम मूठ वळायची. म्हणजे, मागचा तागा तुटला, थांबव. ती खूण दिसली की विणकर विचार करत नाही, आहे तिथे थांबतो आणि मागे वळतो. गाठ मारून झाली की अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवून समोरच्याला सांगायचं, गाठ मारली, चालू दे.

बाबांच्या समोरचा माणूस म्हणजे गंगाराम काका. मानपूरकडच्या खेड्यातले, भरघोस मिशांचे, कायम हसऱ्या डोळ्यांचे. वीस वर्षं दोघं समोरासमोर उभे राहिले. काका घरी आले की मला म्हणायचे, "थारा बाप की पीठ म्हारे हवाले, ने म्हारी पीठ थारा बाप के." दोघं ओसरीवर बसून तासभर गप्पा मारायचे आणि घरात आवाज म्हणून येत नसे. पाहुण्यांना वाटायचं, भांडण झालंय.

मिल बंद पडल्यावर काका गावी गेले. घरच्या बकऱ्या होत्या, त्या टेकडीवर न्यायला लागले. फेब्रुवारीत एका दुपारी बकऱ्या एकट्याच घरी परत आल्या. टेकडीच्या कडेशी काकांच्या चपला सापडल्या, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा, शेजारी शेजारी. खालचं खोरं गावकऱ्यांनी तीन दिवस पालथं घातलं. काही मिळालं नाही. अंगावरचा कपडा नाही, काही नाही. काकूंनी बांगड्या उतरवल्या नाहीत. कोणी उतरवा म्हणालंही नाही.

बाबा मला घेऊन त्यांच्याकडे भेटायला गेले होते. तेव्हा ती टेकडी मी पहिल्यांदा पाहिली. मागच्या बाजूला अरुंद खिंडीने ती पठाराला जोडलेली आहे, त्यामुळे चढायला सोपी. पुढे कडा, मग खोल दरी, आणि दरीपलीकडे बरोबर तेवढीच उंच दुसरी सपाट टेकडी. तिला वाट नाही. चारी बाजूंनी सरळ तुटलेली. त्या गावात कोणी तिच्यावर कधी गेलेलं नव्हतं. दोन माथे समोरासमोर, एका पातळीत, मध्ये दरी. बाबा पुष्कळ वेळ तिकडे बघत राहिले. उतरताना एकच वाक्य बोलले: "तागा तुटत होता, तर मी खूण करायला पाहिजे होती. माझं काम होतं ते."

त्यानंतर बाबा अंगणात एकटे बसून ओठ हलवायला लागले. मी वाचायचा प्रयत्न करायचे, पण मला बघितलं की ते तोंड फिरवायचे. मध्येच थांबायचे, पलीकडचं ऐकून घ्यावं तसे, आणि मान हलवायचे. एकदा धुण्याच्या वेळी त्यांच्या खिशातून आईला मानपूरच्या बसची तिकिटं मिळाली. एक नाही, ओली झालेली गड्डी. आईने ती परातीच्या काठावर वाळत घातली आणि माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली, तेवढी नंतर कधी बाळंतपणातसुद्धा वाटली नाही.

काल मिनूने मला नवीनच सांगितलं. समुद्राच्या तळाशीही सपाट माथ्याचे डोंगर असतात म्हणे. कधीकाळी ते पाण्याबाहेर होते, लाटांनी माथा घासून सपाट केला, मग हळूहळू अख्खा डोंगर खाली गेला. वरून जाणाऱ्या जहाजाला पत्ता नसतो. "क्रीपी ना?" ती म्हणाली. मला परदेशीपुऱ्याकडचा रस्ता आठवला. मिलची चिमणी पाडली, साचे भंगारात गेले, भिंती गेल्या. आता तिकडून गाडी नेताना सगळं एका पातळीत दिसतं. सिग्नलला थांबले की क्वचित माझ्या दातांना उगाच कंप सुटतो आणि मी रेडिओ मोठा करते.

तर त्या मार्चमधला तो दिवस. दोन दिवसांवर सामाजिक विज्ञानाचा पेपर होता आणि मी पठारांचे प्रकार पाठ करत बसले होते. सकाळी बाबा निघून तास झाला होता. आई पाण्याच्या माठापाशी उभी होती. म्हणाली, "आज डबा घेतला, पण चष्मा ठेवून गेलेत. देवापाशी." बाबांना चष्म्याशिवाय जवळचं काही दिसत नसे. आजवर ते चष्मा काढून कुठे गेले नव्हते. तिने माठावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "मी गेले तर ते शरमेने मरतील. तू जा बेटा. लवकर जा."

बसमध्ये मी पुस्तक उघडून बसले होते, असं मला आठवतं. पठार म्हणजे आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा उंच, माथा सपाट, एक किंवा अधिक बाजू तीव्र उताराच्या. महू गेलं. पळस फुलले होते. शेतं कापून झालेली. मानपूरला उतरून मी टेकडीच्या दिशेने पळत सुटले. वाटेत एक म्हातारी मोहाची फुलं वेचत होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "वो सेरवालो? ऊपर हे. रोज आवे. वीका से वातां करे." हा शहरवाला कोणाशी बोलतो, ते विचारायला मी थांबले नाही.

माथ्यावर पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. सपाट माथ्यावर भर दुपारी सावली कुठेच नसते. झुडपाची नाही, दगडाची नाही. वारा एवढा की कानात साचेखातं सुरू झाल्यासारखं वाटलं. अर्ध्या माथ्यावर बाबांचा डबा होता, न उघडलेला. त्याच्यापुढे चपला. शेजारी शेजारी. आणि पुढे कडेला, माझ्याकडे पाठ करून, बाबा उभे होते. ते समोरच्या टेकडीकडे बघत होते. त्यांचा एक हात मधूनमधून वर होत होता, बोलणाऱ्याचा होतो तसा. मग तो हात खाली आला आणि त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. पुढे आणखी एकाच पावलाची जागा होती.

मी हाक मारली. वाऱ्याने ती माझ्याच तोंडात परत ढकलली. पळत जावं तर ते दचकतील, आणि दचकले तर. बाबा जाणार, माझ्या देखत जाणार, हे मला स्वच्छ कळलं. आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. पंजा उघडा. मग मूठ. मागचा तागा तुटला, थांबव.

बाबा थांबले.

उचललेला पाय त्यांनी मागे घेतला आणि वळले. साचेखात्यात वळायचे तसे, झटकन, पूर्ण अंगाने. मी हात वर करून उभी. मग ते चालत माझ्यापर्यंत आले, वाटेत चपला घातल्या, डबा उचलला. म्हणाले, "उन्हात कशाला आलीस बेटा, पेपर आहे ना परवा. चल, खाना खाऊन घेऊ." खिंडीतल्या करंजाखाली बसून आम्ही दोघांनी पोळी आणि बटाट्याची भाजी खाल्ली. मी रडत होते आणि जेवत होते. जेवण झाल्यावर बाबांनी दरीकडे तोंड करून अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं. मला वाटलं, हाताला चिकटलेलं पीठ झाडतायत.

पेपरात पठारावर प्रश्न आला. मी पुरवणी घेऊन लिहिलं. तिसऱ्या दिवशी बाबा एका शाळेत शिपाई म्हणून रुजू झाले आणि रिटायर होईपर्यंत तिथे घंटा वाजवत राहिले. ऐकू येत नसूनही त्यांची घंटा कधी चुकली नाही. मानपूरला ते पुन्हा गेले नाहीत. त्या दुपारबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही आणि मी ती गोष्ट मनात घट्ट जपून ठेवली, की माझ्या हाताने माझा बाप थांबला. आयुष्यात बाकी फारसं काही मोठं मी केलेलं नाही. बँकेत नोकरी केली, संसार केला. कधी फार खचले की मी आपला उजवा हात बघायचे.

काल नकाशे आवरताना मिनूला मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ती गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. संपल्यावर मला मिठी मारली, डोळे पुसले. मग अचानक तिच्या कपाळाला आठी पडली. ती भूगोलाची मुलगी, तिला कोण कुठे उभं आहे हे आधी कळतं.

"पण आई," ती म्हणाली, "आजोबांची पाठ होती ना तुझ्याकडे?"

"हो."

"मग तुझा हात त्यांना दिसला कसा?"

इतक्या वर्षांत मी ती दुपार किती वेळा मनात फिरवून पाहिली असेल. हे मला एकदाही सुचलं नव्हतं. बाप थांबला, एवढंच मला पुरलं होतं. मी म्हटलं, त्यांना चाहूल लागली असेल. "त्या वाऱ्यात? आणि त्यांना ऐकू येत नाही ना?" मिनू म्हणाली, आणि तिने पेन्सिल हळूच खाली ठेवली.

बाबा आमच्याकडेच असतात. आता ऐंशीला टेकलेत, कान पूर्ण गेलेत. संध्याकाळी लिफ्टने गच्चीवर जातात आणि खुर्ची टाकून बसतात. विजय नगरच्या गच्च्या बघण्यासारख्या असतात, एकीपुढे एक, सगळ्या एका उंचीच्या, सपाट, मध्ये खाली गाड्यांची दरी. मी त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसले आणि आवाज न करता, ओठांनी विचारलं, "बाबा, मानपूरच्या टेकडीवर त्या दिवशी तुम्ही थांबलात कसे?"

त्यांना काहीच नवल वाटलं नाही. एवढ्या वर्षांनी का विचारतेस, असंही नाही. ओठांनीच म्हणाले, "गंगारामने खूण केली ना. समोरून. मागचा तागा तुटतोय, थांब. मागे वळलो, तर तू उभी."

मी म्हटलं, "समोरून कुठून, बाबा? त्या टेकडीवर जायला वाट कुठे होती?"

बाबा हसले. लहानपणी आमटीवरून हसायचे तसे, डोळ्यांनी. "तुला नाही दिसला? अरे बेटा, तू तर त्यालाच जवाब देत होतीस. हात वर करून."

खरं सांगते, त्या दुपारी मी समोरच्या टेकडीकडे पाहिलंच नव्हतं. मी फक्त बाबांची पाठ बघत होते. तिथे कोणी होतं की नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. माझा हात तेव्हा आपोआप वर गेला होता, एवढं मात्र मला पक्कं आठवतं.

इतकी वर्षं जपलेली गोष्ट हातातून गेली म्हणून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ऊन उतरत होतं, कुठूनतरी शेव तळल्याचा वास येत होता. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, समोरच्या गच्चीकडे गेली आणि तिथे थांबली. त्यांनी मान हलवली. हात उचलून अंगठा आणि बोट सावकाश एकमेकांवर फिरवलं. गाठ मारली, चालू दे.

समोरच्या गच्चीकडे माझी पाठ होती. मी वळून पाहिलं नाही.